सगळे दिसले पाहिजेत

भामाताईंना ऐकू येत नव्हतं, पण त्यांच्यासमोर कुणी गप्प बसलेलं त्यांना खपत नसे. समोरचा माणूस बोलता बोलता थांबला किंवा त्यानं हातानंच ‘जाऊ द्या’ असं दाखवलं, की त्यांचा पाय फरशीवर आपटलाच म्हणून समजा.

“बोल की! मी बहिरी हाय, गैरहजर न्हाई.”

हे वाक्य मी बँकेच्या खिडकीपाशी ऐकलं, शाळेच्या कचेरीत ऐकलं, एसटीत ऐकलं आणि एकदा तर भर लग्नाच्या मांडवात, भटजींना उद्देशून म्हटलेलं ऐकलं.

नायगावकडच्या एका खेड्यात नऊ वर्षांच्या असताना त्यांना मेंदूज्वर झाला. ताप उतरला, कान गेले. तोवर बोलणं तोंडात बसलेलं होतं, ते राहिलं. आवाज किती लावायचा याचा अंदाज मात्र राहिला नाही. त्या गुपित सांगायला हाताला धरून जवळ ओढायच्या आणि ते गुपित समोरच्या चहावाल्यालाही समजायचं. त्यांची खुणांची भाषासुद्धा तशीच होती. हात मोठे, खांद्यापासून हलणारे, भुवया सतत कामाला लागलेल्या.

जुन्या नांदेडात त्यांचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान होतं. नवरा लवकर गेला, मुलगा शिकून लातूरला नोकरीला लागला, पण त्यांनी दुकान सोडलं नाही. काउंटरवर पुठ्ठ्याची पाटी होती : ‘समोर येऊन बोला.’ गिऱ्हाईक कपाटाकडं बघत बोलू लागलं, की त्या शिवणयंत्र थांबवून त्या पाटीवर कात्री वाजवायच्या.

माझा धाकटा भाऊ दत्ता जन्मापासून बहिरा. खुणा मी त्याच्यामुळं शिकले आणि भामाताईंच्या हाती लागले तेही त्याच्यामुळंच. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करते. लायब्ररीत आवाज करायचा नाही म्हणून लोकांना दटावायचं आणि सुट्टीच्या दिवशी भामाताईंच्या मंडळात जायचं, असं माझं दुहेरी आयुष्य होतं. बहिरी माणसं जमली की खोली शांत असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा तिथं यायला हवं होतं. हसणं, बाकडी सरकवणं, पाय आपटून एकमेकांना बोलावणं. शेजारच्या घरातून तक्रार यायची.

मंडळ लहान होतं. नांदेड शहर, नायगाव, देगलूर, तिकडून अहमदपूर, लातूर अशी विखुरलेली माणसं. कुणी वेल्डर, कुणी कापडाच्या दुकानात, कुणी शेतात, दत्ता पंखे-मोटारी दुरुस्त करणारा. कागदोपत्री ते एका मोठ्या संस्थेच्या नावावर होतं, आणि तिनं तिच्या शाळेतली एक खोली रविवारपुरती दिली होती. त्या खोलीत भामाताईंचे कायदे चालत. बाकडी गोल लावायची. खिडकीकडं पाठ करून कुणी बसायचं नाही, कारण मागून उजेड आला की चेहरा काळा होतो. एकानं हात वर केला की बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवायचे. आणि सर्वांत कडक कायदा म्हणजे, जो आला तो बोलूनच जाणार. नायगावचा बालाजी पहिले काही महिने नुसता हसायचा. दर वेळी त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहायच्या आणि खुणेनं विचारायच्या, ‘तुझं काय?’ शेवटी एका रविवारी त्याचे हात उठले ते थांबेचनात. दुकानाचा मालक, भाऊ, मोबाइलची कंपनी, सगळ्यांचा हिशेब त्यानं त्या दिवशी मांडला.

मग लॉकडाऊन आलं. खोली बंद झाली, गाड्या बंद झाल्या, आणि सगळ्या गावाच्या तोंडावर मास्क चढले. ऐकणाऱ्यांना त्याचं काही वाटलं नसेल. ओठ वाचून जगणाऱ्या भामाताईंसाठी मात्र रातोरात सगळं नांदेड मुकं झालं. एका लसीकरण केंद्रावर मी त्यांच्यासोबत होते. टेबलावरचा मुलगा मास्कमधून काहीतरी विचारत होता, त्यांना कळत नव्हतं, म्हणून तो आणखी ओरडत होता.

“ओरडू नको रे बाबा, लिही,” भामाताई म्हणाल्या.

त्यानं इंग्रजीत लिहिलं.

“मराठीत लिही. मी सातवी पास हाय.”

मागची रांग कुरकुरायला लागली. त्यांनी वळून रांगेकडं पाहिलं. रांग काय म्हणते ते त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि मला वाटतं तेवढ्यापुरता त्यांना आपल्या कानांचा फायदाच झाला. मराठीत लिहून मिळेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

मंडळाच्या सभा फोनवरच्या व्हिडिओ कॉलनं सुरू झाल्या. पण त्या कॉलमध्ये थोडीच माणसं मावायची. दत्ता म्हणाला, चार-पाच जणांनी ठरवावं आणि बाकीच्यांना निरोप द्यावा. भामाताईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं स्वतःच हात खाली घेतले.

“निरोपावरच जगलो की आतापर्यंत,” त्या हातांनी आणि तोंडानं एकदमच म्हणाल्या. “घरात सगळे बसून ठरवतेत आन् मग आपल्याला येऊन सांगतेत. ते आपल्यातच कामून करायचं?”

मग आम्ही ॲप शोधायला लागलो. दुकानाचं शटर अर्धं ओढून, कापडाच्या गठ्ठ्यावर माझा जुना लॅपटॉप ठेवून आमच्या चाचण्या चालत. दत्ता घरून, बालाजी नायगावहून, अहमदपूरची संगीता तिच्या गच्चीवरून. नवं ॲप आलं की पहिल्या दिवशी सगळ्यांना आवडायचं, आणि मग त्यातलं काहीतरी भामाताईंच्या डोळ्याला खुपायचं.

पहिल्या ॲपमध्ये ज्याच्याकडून आवाज येईल त्याचा चेहरा मोठा व्हायचा. ऐकणाऱ्यांसाठी किती सोयीचं! आमच्याकडं बालाजी अगदी तळमळून सांगत होता आणि स्क्रीनभर संगीताची शेळी दिसत होती, कारण ती ओरडत होती. संगीताला बिचारीला काही पत्ताच नव्हता. भामाताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, “ह्यात शेळीला मान हाय, आपल्याला न्हाई. काढून टाक.”

दुसऱ्यात दत्तानं हौसेनं स्वतःच्या मागं डोंगराचं चित्र लावलं. चित्र सुरेख होतं, पण हात जरा जोरात हलले की बोटं डोंगरात विरघळून जायची. ‘तुझी बोटं कुठं गेली?’ असं सगळे विचारायला लागले. तिसऱ्यात रेंज कमी झाली की चित्र बंद व्हायचं आणि आवाज तेवढा चालू राहायचा. ते बनवणाऱ्याला वाटलं असणार, निदान आवाज तरी पोहोचावा. आमच्याकडं त्याचा अर्थ निदान काहीच पोहोचू नये असा होत होता.

शेवटी जे घेतलं ते काही फार भारी नव्हतं. फुकटातलं असल्यामुळं मध्येच बंद पडायचं आणि पुन्हा आत यावं लागायचं. दत्तानं कुरकुर केली तर भामाताई म्हणाल्या, “दार परत उघडतंय न्हवं? मग?” पण त्यात एक गोष्ट त्यांना पटली होती. सभा चालवणारा ज्याला निवडेल तो सगळ्यांच्या फोनवर मोठा दिसायचा. कुणी हात वर केला की भामाताई चष्मा नाकावर ओढून त्याचा चौकोन शोधायच्या, त्याला मोठं करायच्या आणि पाय आपटायच्या. तो पाय कुणाला दिसत नव्हता, ऐकूही येत नव्हता. पण सवय ती सवय. खोलीतले सगळे कायदे त्यांनी तिथंही लावले. खिडकीकडं पाठ नको. कॅमेरा छातीपर्यंत, हात दिसले पाहिजेत. आणि आलेला माणूस बोलूनच जाणार.

लॉकडाऊन उठलं तरी या सभा राहिल्या. देगलूरहून, अहमदपूरहून दर वेळी येणं कुणाला जमतं? उलट जी माणसं कधी खोलीपर्यंत आली नव्हती ती या सभांना येऊ लागली. विशेषतः बायका.

ज्या संस्थेनं आम्हाला खोली दिली होती, तिच्या अध्यक्षांना आमचं हे प्रकरण तेव्हा कळलं. त्यांना आम्ही सगळे ‘साहेब’ म्हणायचो. मंडळात त्यांची खूण होती मनगटावर दोनदा बोट मारायची, कारण ते सारखे घड्याळ बघत. साहेब दुष्ट नव्हते. पण बहिऱ्या माणसाशी बोलताना ते त्याच्या शेजारच्या माणसाकडं बघून बोलत. एके दिवशी ते दुकानात आले आणि मला म्हणाले, “संस्थेनं चांगलं सॉफ्टवेअर घेतलंय. हजार माणसं बसतील. यांना सांगा, ते तुमचं खेळणं आता बंद करा. वार्षिक सभा त्याच्यावरच घेऊ.”

“मला सांगा ना,” भामाताई म्हणाल्या. “मी इथंच हाय.”

साहेब हसले, घड्याळ बघितलं आणि गेले.

सभेचा विषयही त्यांनी कळवला होता. मंडळाचा कारभार नीट चालावा म्हणून एक पालक समिती नेमायची. सदस्यांच्या वतीनं यापुढं त्यांचे आईवडील किंवा भाऊ निर्णय घेतील. मी हे भामाताईंना खुणेनं सांगितलं तेव्हा त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, “बालाजीला दोन लेकरं हायत. त्येचा पालक कोण? त्येचा बाप?”

“तसंच दिसतंय.”

“आन् माझा? माझा बाप तर मरून गेला की गे माय!”

सभेच्या दिवशी दुपारी आम्ही दुकानात बसलो. भामाताई माझ्या लॅपटॉपसमोर, मी त्यांच्या शेजारी माझा फोन घेऊन. मी दुभाषी, म्हणून माझा फोन वेगळा जोडलेला. दत्ता स्वतःचा लॅपटॉप घेऊन समोर.

सभा उघडली आणि स्क्रीनवर पाचसहाच चेहरे आले. साहेब, दोन विश्वस्त, त्यांतले एक वयस्क डॉक्टर, संस्थेचा कॉम्प्युटर बघणारा माणूस, भामाताई आणि मी. भामाताईंनी बोटानं एकेक चेहरा मोजला, पान उलटता येतं का बघितलं.

“माझी मानसं कुठं हायत?”

“आहेत ना मॅडम,” कॉम्प्युटरवाला म्हणाला. “सगळे आलेत. ते तुम्हाला बघतायत.”

“मला कुठं दिसालेत ते?”

“ते प्रेक्षक म्हणून आहेत. त्यांचा कॅमेरा लागत नाही या पद्धतीत. काही म्हणायचं असेल तर टाइप करू शकतात.”

मी खुणा केल्या. भामाताईंचा चेहरा मी त्यापूर्वी इतका स्थिर पाहिला नव्हता. आमची बरीचशी माणसं खुणांमध्ये विचार करतात. मराठी लिहिणं त्यांना परक्या गावात वाट विचारण्यासारखं. बालाजीचे मेसेज शब्द उलटसुलट करून येतात आणि ते वाचायला दत्तासारखाच माणूस लागतो. आणि हात दिसत नसतील तर टाळ्या, होकार, नकार, शिवी, सगळंच गेलं.

त्यांनी दत्ताला एवढंच खुणावलं, ‘आपलं उघड. सगळ्यांना तिकडं बोलाव.’

दत्तानं आमच्या नेहमीच्या सभेची लिंक ग्रुपवर टाकली. माणसं साहेबांच्या सभेतून निघून आमच्या सभेत येऊ लागली. दत्ताच्या स्क्रीनवर एकेक चौकोन उजळू लागला. संगीता गच्चीवर, बालाजी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर ठेवून. दत्तानं कॅमेरा माझ्याकडं वळवला, म्हणजे माझे हात त्यांना दिसत राहतील. तिकडं कॉम्प्युटरवाला पुटपुटला, “साहेब, सदस्य बाहेर पडतायत.” साहेब म्हणाले, “नेटचा प्रॉब्लेम असेल. चालू द्या.”

त्यांनी ठराव वाचला. वाचून झाल्यावर म्हणाले, “कुणाचा विरोध असेल तर त्यांनी आत्ता बोलावं.”

आणि ते थांबले. खरंच थांबले. कान देऊन बसल्यासारखे.

“कुणीच काही बोलत नाही. म्हणजे ठराव एकमतानं...”

“थांबा!” भामाताई ओरडल्या.

साहेब पुढं बोलतच राहिले. मी स्क्रीनकडं पाहिलं. भामाताईंच्या चौकोनात माइकवर लाल रेघ होती. तिकडून कुणीतरी त्यांचा आवाज बंद केला होता, आणि ऐकू येत नसल्यामुळं त्यांना ते कळायला मार्ग नव्हता. मी खुणेनं सांगितलं, ‘तुमचा आवाज बंद केलाय.’

भामाताईंनी माझ्या हातातल्या फोनकडं पाहिलं. दुभाषी म्हणून त्याचा माइक माझ्या ताब्यात होता; खुणा करताना मी तो बंद ठेवला होता, तो उघडला. भामाताई त्यावर वाकल्या आणि ज्या आवाजात त्या गुपितं सांगत त्याच्या कितीतरी वरच्या आवाजात म्हणाल्या, “साहेब! विरोध हाय! माझा आवाज बंद केला तरी आवाज माझ्या एकलीचा न्हाई!”

साहेब दचकून खुर्चीत मागं सरकले. आमच्या शटरबाहेर दोन माणसं थांबून आत वाकली.

“मीनाताई, त्यांना सांगा की सभेची एक पद्धत असते...”

“मला सांगा. माझ्याकडं बघून सांगा,” भामाताई म्हणाल्या. “तुम्ही मानसं अशा खोलीत बसवली जिथून त्यांचे हात दिसत न्हाईत. आन् मग इचारता, कुणी बोलत कामून न्हाई? हे बघा, हे बोलालेत!”

त्यांनी दत्ताचा लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर धरला. तोवर मी ठराव आमच्या माणसांना खुणेनं सांगितला होता. त्या स्क्रीनवर सगळे चौकोन हलत होते. कुणी तळवा आडवा फिरवत होतं, कुणी दोन्ही हातांनी फुली करत होतं, बालाजी तर उभाच राहिला होता आणि त्याचं फक्त पोट आणि हात दिसत होते. लॅपटॉप जड होता. मी आधार द्यायला गेले तर त्यांनी कोपरानं मला ढकललं.

साहेब म्हणाले, “हे अधिकृत सभेत धरता येणार नाही.”

मग ते वयस्क डॉक्टर पहिल्यांदाच बोलले. “अहो, नकार दिसतोय की डोळ्यांना. एकमत कसलं लिहिताय?”

ठराव त्या दिवशी बारगळला आणि परत आला नाही. पण खोली गेली. शिपाई दुकानात येऊन किल्ली मागून गेला. सूचना वरून असल्यामुळं त्याला काही सांगता येईना. भामाताईंनी किल्ली दिली, वर त्याला चहा पाजला. आमचे काही सदस्यही गेले. घरच्यांना वाटलं, ही बाई पोरांना बिघडवतेय. बालाजीच्या वडिलांनी त्याचा फोनच काढून घेतला.

भामाताई मला घेऊन नायगावला गेल्या. वडील ओसरीवर बसले होते. माणूस भला, आमच्यासाठी खुर्च्या मागवल्या. म्हणाले, “बाई, त्याच्या भल्यासाठीच. त्याला काय कळतंय सभेतलं?”

मी खुणा करण्याआधीच भामाताईंनी ओठांवरून वाचलं होतं. त्या उठून दाराशी गेल्या. लोखंडी दार होतं, नवं, वर वेलबुट्टी केलेलं.

“हे दार कुनी केलं?”

“त्यानंच. हात चांगलाय त्याचा,” वडील जरा अभिमानानंच म्हणाले.

“सगळ्या घराला कडी घालून निजता त्येच्या भरवशावर. आन् त्यातून बाहेर कधी जायचं, ते तुम्ही ठरवनार?”

वडील दाराकडं बघत राहिले. भामाताई पाय आपटणार इतक्यात मी त्यांचा हात दाबला. थोड्या वेळानं म्हातारा आत गेला आणि फोन घेऊन आला. तो त्यानं बालाजीच्या हातात दिला नाही, शेजारच्या बाकड्यावर ठेवला. भामाताईंना तेवढं पुरेसं नव्हतं. परतीच्या बसमध्ये त्या नांदेड येईपर्यंत त्याबद्दल बडबडत होत्या आणि सगळी बस ऐकत होती.

दोनेक वर्षांनी एका सकाळी दुकान उघडताना त्या पडल्या. अर्धांगवायू. उजवा हात गेला आणि बोलणंही जड झालं. शब्द तोंडातच मोडायचे. मुलगा त्यांना लातूरला घेऊन गेला. सून चांगली, काळजीनं करणारी. तिनं मला फोनवर सांगितलं, “मीनाताई, आता आईंना त्या मीटिंगांचा ताप नको. डॉक्टर म्हणतात, शांत राहू द्या.”

मंडळानंही तसंच धरलं. पुढच्या सभेत विषय निघाला की आता सभा कुणी चालवायची. संगीताचं म्हणणं पडलं, मीनानं चालवावी. तिला ऐकूही येतं, खुणाही येतात, संस्थांशी बोलायलाही बरं. बऱ्याच जणांनी माना हलवल्या. दत्ताही हो म्हणाला. मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

तेवढ्यात एक नवा चौकोन उजळला. लातूरचं घर. भामाताई उशीला टेकून बसलेल्या, केस विस्कटलेले, चेहरा एका बाजूनं उतरलेला. सून मागून फोन धरून होती. पहिल्यांदा कॅमेरा छताकडं होता. त्यांनी डाव्या हातानं तो खाली ओढला, छातीपर्यंत.

मग डावा हात उठला. खुणा मोडक्या होत्या. जिथं दोन हात लागतात तिथं त्या एकाच हातानं अर्धी खूण करायच्या आणि उरलेली भुवयांनी पुरी करायच्या. सगळे स्क्रीनजवळ सरकले.

‘मला विचारलं?’

सगळ्यांनी हात मांडीवर घेतले.

‘मीना नाही. मीना चांगली. पण ऐकणारी. सभा आपली, आपल्यातलाच पाहिजे. बालाजी.’

बालाजीनं दोन्ही हात जोरात हलवले. ‘मला जमणार नाही. मला लिहिता येत नाही.’

‘सभेत काय लिहायचं असतं? बोलायचं असतं.’

‘साहेब लोकांसमोर मला...’

‘कोणते साहेब?’

तिथून पुढं ते जे जुंपले ते जुंपलेच. बालाजी नाही म्हणत होता, कारणं देत होता. भामाताई त्याचं एकेक कारण हाणून पाडत होत्या. मध्येच हात थकला की तो मांडीवर पाडायच्या, श्वास घ्यायच्या आणि पुन्हा उचलायच्या. सून मागून त्यांच्या खांद्याला हात लावून पुरे म्हणून सुचवत होती. एकदा त्यांनी तिच्याकडं वळून काहीतरी खुणेनं फटकारलं. ते तिला कळलं नसावं, पण तिनं फोन सरळ धरला.

वेळ उलटून गेली. ॲप बंद पडलं, सगळे पुन्हा आत आले. हळूहळू माणसं हात हलवून निघू लागली. कुणाला स्वयंपाक, कुणाला दुकान. मीही माझा कॅमेरा बंद केला. तिथं दुभाष्याचं काही काम नव्हतं. निघण्याआधी मी पाहिलं तेव्हा दोघंच उरले होते. भामाताई पुढं वाकून, डोळे बारीक करून, डाव्या हातानं काहीतरी विचारत होत्या, आणि बालाजी, ज्याला बोलायचं नव्हतं, तो उत्तर देत होता.